कर्बवायूचे दुसरे काम

बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांनी हिल अभिक्रियेचे प्रात्यक्षिक बहुधा केलेले असते. पालकाची पाने थंड द्रावणात वाटायची, फडक्यातून गाळायची, अपकेंद्री यंत्रात फिरवायची आणि तळाशी बसलेली हिरवी हरितलवके घ्यायची. त्यांत निळा रंग घालून नळी उजेडात धरली की रंग उडतो. केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले होते की, इलेक्ट्रॉन घेणारे एखादे संयुग पुरवले तर सुटी हरितलवके साखर न बनवताही ऑक्सिजन सोडतात. त्यावरून कर्बवायू फक्त साखरेसाठी लागतो आणि पाणी फोडण्याशी त्याचा संबंध नाही, असा धडा रूढ झाला.

पण त्या नळीत कर्बवायू होताच. कोणी मुद्दाम घातला नसला, तरी हवेतून तो द्रावणात विरघळतो आणि त्याचा मोठा भाग बायकार्बोनेट होतो. हा तोच आयन, जो खाण्याच्या सोड्यात असतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ऑटो वॉरबुर्ग आणि ग्युंटर क्रिपाल यांनी हा कर्बवायूही काढून घेतला, तेव्हा हिल अभिक्रिया मंदावली. तो परत देताच तिने पुन्हा वेग धरला. नोबेल मिळवलेल्या वॉरबुर्ग यांनी निष्कर्ष काढला की झाडांचा ऑक्सिजन कर्बवायूतून येतो. तो टिकणारा नव्हता, कारण ऑक्सिजन पाण्यातून येतो हे रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन वापरून १९४१ मध्येच दाखवले होते. मात्र निष्कर्ष चुकला म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही, आणि माझ्या मते या कथेतले सर्वांत मोलाचे काम ते निरीक्षण जपणाऱ्यांचे आहे.

त्यांत आघाडीवर होते अलाहाबादहून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेलेले गोविंदजी. (ते एवढेच एक नाव लावत.) तिथे त्यांचे पहिले मार्गदर्शक होते रॉबर्ट इमर्सन, म्हणजे वॉरबुर्ग यांचेच शिष्य. हरितलवकांतून बायकार्बोनेट हटवण्यासाठी फॉर्मेट वापरतात, ते त्याची जागा बळकावते. मग बायकार्बोनेट घातले की ऑक्सिजनचा वेग कित्येक पटींनी वाढतो. अडते कुठे, याचा माग प्रतिदीप्तीने लागला. इलेक्ट्रॉन पुढे सरकेनात की हरितद्रव्य शोषलेल्या प्रकाशाचा जास्त भाग लाल उजेडाच्या रूपाने बाहेर टाकते. १९७५ मध्ये गोविंदजी आणि थॉमस विड्रिंस्की यांनी त्यावरून दाखवले की मुख्य अडथळा पाणी फुटते त्या टोकाला नाही. तो पलीकडच्या टोकाला आहे, जिथे क्यूए आणि क्यूबी हे दोन क्विनोन रेणू इलेक्ट्रॉन घेतात.

त्या जागेचे चित्र मिळायला बरीच वर्षे गेली. २०११ मध्ये जपानमधील जियान-रेन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटांनी प्रकाशप्रणाली दोनची, म्हणजे पाणी फोडणाऱ्या प्रथिनसंचाची, अतिशय सुस्पष्ट रचना मांडली. दोन क्विनोनांच्या मध्ये लोहाचा एक अणू आहे आणि त्याला चार हिस्टिडिन व एका बायकार्बोनेटने धरून ठेवले आहे.

बायकार्बोनेट सुटून का जाऊ शकते, याचे उत्तर २०१६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील बिल रदरफर्ड यांच्या गटाने सुचवले. साखरेचे काम थंडावले की इलेक्ट्रॉन क्यूएवर तुंबतात. तसे झाले की बायकार्बोनेटची पकड ढिली होते, आणि ते निघून गेले की क्यूएचे विभव उणे १४५ वरून उणे ७० मिलिव्होल्टवर येते. त्यामुळे पेशींना जाळणारा उत्तेजित ऑक्सिजन कमी तयार होतो. कडक उन्हात पानाची रंध्रे मिटून आत कर्बवायूचा तुटवडा पडतो, तेव्हा हे संरक्षण उपयोगी पडावे, असे या संशोधकांचे म्हणणे आहे.

ऑक्सिजन न सोडणाऱ्या जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंमध्येही हा लोहाचा अणू आहे. पण तिथे बायकार्बोनेटच्या जागी ग्लुटामेट आहे. ते प्रथिनाच्या साखळीचाच भाग असल्याने सुटून जाऊ शकत नाही.