एका मण्यात हजार परार्ध

नारायणगावच्या बागेतल्या काळ्या द्राक्षाचा 5 ग्रॅमचा एक तयार मणी घ्या. त्यात आम्ल साधारण अर्धा टक्का, म्हणजे 25 मिलिग्रॅम. टार्टारिक आम्लाच्या हिशेबाने त्याचे रेणू होतात एकावर 20 शून्ये! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यानामे परार्धाशी, एकावर 17 शून्यांशी, थांबतात, इथे एका मण्यातच हजार परार्ध. सेकंदाला एक रेणू मोजायचा म्हटला तर 3 लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय 1,380 कोटी वर्षे.

जिभेला आंबट लागतो तो या आम्लातून सुटलेला हायड्रोजन आयन. रसाचा सामू 3.5 असेल, तर हे आयन शुद्ध पाण्याच्या 3,000 पटींहून अधिक. जवळच खोडदची महादुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा वेध घेते. तेच मूलद्रव्य शेजारच्या मळ्यात द्राक्षाला चव देते, याचे मला फार अप्रूप वाटते.

तोडलेला मणी जिवंतच असतो. 0 अंशाला तो तासाला सुमारे 2 परार्ध कार्बन डायऑक्साइडचे रेणू सोडतो, 20 अंशाला 15 परार्धांहून जास्त. त्यासाठी साखर खर्च होते आणि मॅलिक आम्लही. त्याच्या एका रेणूतून कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू निघतात. टार्टारिक मात्र चिवट, सहसा हलत नाही. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे गेलेले काहीच भरून येत नाही.

म्हणूनच जुन्नर-आंबेगावचा माल पॅकहाऊसला पोचताच प्री-कूलिंगची घाई असते. 20 अंशातला एक तास शीतगृहातल्या आठ तासांएवढा. मार्चच्या दुपारी तर त्याहून महाग. युरोपच्या सागरी वाटेवर 25 दिवस 0 अंश राखले, तर मणी 1,200 परार्ध रेणू सोडेल. 20 अंशात तेवढ्याच दिवसांत 10,000 परार्ध, पण इतके दिवस तो टिकणारच नाही. पेटीतल्या ग्रेपगार्डचा सल्फर डायऑक्साइड बुरशी रोखतो. आम्ल राखायचे काम थंडीचे.

साठवलेल्या मालाची आम्लता कधी वाढलेलीही दिसते. नवे आम्ल तयार झालेले नसते. पाणी उडून रस दाट झालेला असतो. अशा वेळी आधी पेटीचे वजन करावे आणि घडाचा देठ सुकलाय का ते पाहावे.