मोटारीचा श्वास : सुपरचार्जर कीं टर्बोचार्जर ?

गेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटला. तो वाईहून पांचगणीस रोज स्वतःच्या मोटारीनें नोकरीस जातो. गाडी साधी, १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. चार माणसें आंत बसलीं म्हणजे पसरणीच्या घाटांत ती धापा टाकूं लागते. इंजिनास सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर बाहेरून जोडून घ्यावा, असा सल्ला त्यास कोणा मित्रानें दिला होता. त्यासाठीं त्यानें दोन वर्षांची शिल्लक बाजूस ठेविली होती, आणि ह्या दोहोंपैकीं कोणता घ्यावा एवढेंच त्यास आमच्याकडून हवें होतें. हा प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरीं आज ना उद्यां निघणारा आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें कांहींशा विस्तारानें देतों.

प्रथम इंजिन शक्ति कोठून आणतें तें पाहूं. शक्ति पेट्रोलांत आहे हें खरें. परंतु हवेवांचून पेट्रोल जळत नाहीं. १ ग्रॅम पेट्रोल पुरतें जाळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. चार टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांस एकदां हवा ओढून घेतो. तेव्हां आपलें १.२ लिटरचें इंजिन मिनिटास ३,००० फेऱ्या घेत असतां फार तर १,८०० लिटर हवा ओढील. समुद्रकांठीं तिचें वजन सुमारें २.१ किलो भरतें, आणि तेवढ्या हवेंत सुमारें १४० ग्रॅम पेट्रोल जळूं शकतें. ह्याहून अधिक पेट्रोल ओतलें तर धूर होईल, शक्ति वाढणार नाहीं. चुलींत लांकडें कोंबून भागत नाहीं, फुंकणी हातीं घ्यावी लागते, हें आमच्या माताभगिनींस सांगावयास नको.

आतां पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सुमारें सातव्या हिश्शानें कमी असतो. सिलिंडर तेवढाच, पण त्यांत शिरणारी हवा विरळ. म्हणजे ज्या ठिकाणीं चढावर जोर अधिक हवा, त्याच ठिकाणीं इंजिनाचा श्वास अपुरा पडतो. आमच्या मित्राच्या गाडीचें दुखणें तें हेंच.

ह्यावर उपाय म्हणजे हवा दाबून सिलिंडरांत भरणें. सुपरचार्जर व टर्बोचार्जर हे दोघेही हेंच एक काम करितात. भेद आहे तो त्यांना फिरविणारा हात कोणाचा, ह्याचा.

सुपरचार्जर हा हवेचा पंप इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून, बहुधा पट्ट्यानें, फिरविला जातो. ह्याचा एक जुना प्रकार अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं पेटंट घेतलेल्या हवेच्या पंपावरून आला. जर्मनींत मेर्सेडिस गाड्यांवर तो १९२१ सालीं लोकांपुढें आला. इंजिन फिरूं लागलें कीं पंपही फिरतो. त्यामुळें पायाखालचा पेडल दाबतांच जोर मिळतो, वाट पाहावी लागत नाहीं. परंतु पंप ओढण्याची मजुरी इंजिनालाच द्यावी लागते. मिळालेल्या शक्तीतून कांहीं भाग परत पंपाकडे जातो, आणि त्याचें बिल पेट्रोलच्या रूपानें आपणांस येतें.

टर्बोचार्जराची युक्ति निराळी. पेट्रोलांतील शक्तीचा सुमारें तिसरा हिस्सा तापलेल्या वायूंच्या रूपानें धुराड्यावाटे फुकट जातो. ह्या वायूंच्या झोतानें एक लहानसें टर्बाइन फिरवावें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास बसविलेल्या चाकानें हवा दाबावी, ही कल्पना. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. उंचीवर ती किती उपयोगी पडते ह्याची परीक्षा १९१८ सालीं अमेरिकेंत झाली. सॅनफर्ड मॉस ह्यानें विमानाचें इंजिन सुमारें ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन टर्बोचार्जरासह चालवून दाखविलें. सर्वसाधारण विक्रीच्या मोटारींत मात्र तो १९६२ सालीं, ओल्ड्समोबील व शेव्हरोले ह्यांच्या गाड्यांतून आला.

टर्बोचार्जर बराचसा टाकाऊ वायूंवर जगतो, म्हणून तो अधिक काटकसरी. पण त्याचेही दोष आहेत. पेडल दाबल्यावर वायूंचा झोत वाढून टर्बाइन वेग घेईपर्यंत क्षणभर थांबावें लागतें. दुसरें असें कीं, हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, आणि त्याच्या एका टोंकास पेट्रोल इंजिनाचे ८०० अंशांहून अधिक तापलेले वायु भिडतात. त्यास वंगण व गारवा देणारें तेल स्वच्छ व वेळच्या वेळीं बदललेलें असावें लागतें. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद केल्यास आंतील तेल जळून काजळी धरतें. म्हणून मिनिटभर तें संथ चालूं द्यावें.

दोहोंसही लागू असा एक नियम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. हवा दाबली कीं ती तापते. सायकलीस हवा भरतांना पंपाचें बूड हातास ऊन लागतें तें ह्याच कारणानें. ३० अंशांची हवा दीडपट दाबावर नेली तर ती सुमारें ८० अंशांपर्यंत तापते, आणि तापल्यामुळें फुगते. त्यामुळें दाब दीडपट झाला तरी हवेचा भरणा सुमारें १.३ पटच होतो. ही उष्णता काढण्यासाठीं इंटरकूलर बसवितात. तो नसला किंवा अपुरा असला, तर सिलिंडरांतील मिश्रण वेळेआधीं आपोआप पेट घेतें. कारागीर ज्यास नॉकिंग म्हणतात तें हेंच. त्याच्या हातोड्यानें दट्टे फुटतात.

येथेंच आमच्या मित्राच्या प्रश्नाचें मर्म आहे. ज्या इंजिनाची रचना मुळांतच दाबलेल्या हवेसाठीं होते, त्याचे दट्टे, तेलाची वाट, पाण्याचा गारवा व पेट्रोल सोडण्याचें माप हीं सर्व त्या हिशेबानें ठरविलेलीं असतात. साध्या इंजिनांत मिश्रण आधींच दहापट किंवा त्याहून अधिक दाबलें जातें; त्यावर आणखी दाबाची हवा लादणें म्हणजे जुन्या भिंतीवर नवा मजला चढविणें होय. शिवाय वाढलेल्या वेगास आंवरणारे ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात, आणि घाट जितका चढावयाचा तितकाच उतरावयाचाही असतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानेंही नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे.

तेव्हां आमचा निर्णय असा. रोजच्या वापराच्या गाडीस, विशेषतः घाटांतून जाणाऱ्या गाडीस, कारखान्यांतूनच बसवून आलेला टर्बोचार्जर हाच योग्य. हल्लींचीं लहान टर्बाइनें मिनिटास १,५०० ते २,००० फेऱ्यांपासूनच जोर देतात, त्यामुळें थांबण्याचा जुना दोष पुष्कळ कमी झाला आहे. ज्यास पेडलाचें तत्काळ उत्तर हवें आहे व पेट्रोलच्या खर्चाची क्षिति नाहीं, त्यानें सुपरचार्जराची गाडी खुशाल घ्यावी. परंतु साध्या गाडीस मागाहून दोहोंपैकीं एकही जोडूं नये. शिल्लक राखून ठेवावी, व गाडी बदलण्याचा योग येईल तेव्हां ती उपयोगांत आणावी.

तोंपर्यंत घाट कसा चढावा ? हवेची गाळणी साफ ठेवावी, चाकांत योग्य तेवढी हवा असावी, आणि चढ लागण्यापूर्वींच एक गिअर खालीं यावें. मिनिटाच्या फेऱ्या २,००० वरून ३,००० झाल्या कीं इंजिनास दीडपट श्वास मिळतो, आणि त्यासाठीं नवें यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. आमच्या मित्रानें हें ऐकून घेतलें व हंसून म्हटलें कीं, शाळेंत असतां आपण दुसऱ्याच गिअरमध्यें पास होत आलों, आतां घाटही तसाच चढूं !

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टान्त आमचे विद्यार्थी लहानपणापासून ऐकत आले आहेत. यंत्राच्या राज्यांतही तोच न्याय चालतो. शक्ति कोठूनही फुकट येत नाहीं. कोणी तिची किंमत पेट्रोलांत घेतो, कोणी वेळांत, आणि ज्यानें हिशेब केला नाहीं त्याच्याकडून ती कधीं कधीं इंजिन फोडून वसूल होते.