व्हॉल्वच्या चॅनेल स्ट्रिपविषयीचे प्रवाद आणि वस्तुस्थिती

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात नव्याने शिरलेल्या, आणि घरातल्याच एका खोलीला जाड पडदे लावून तिला स्टुडिओचा दर्जा बहाल केलेल्या मंडळींत व्हॉल्वच्या चॅनेल स्ट्रिपविषयी जी श्रद्धा आढळते ती पाहता, या यंत्राची हकिगत एकदा तपशीलवार मांडणे उचित ठरेल. माइककडून येणारा क्षीण विद्युत्संकेत वाढवणारा प्रीअँप, पंख्याची वा रहदारीची घरघर गाळणारा फिल्टर, स्वराचा पोत पालटणारा इक्वलायझर आणि आवाजाच्या चढउतारांना आवर घालणारा कॉम्प्रेसर, अशी चार खाती ज्या एका पेटीत नांदतात तिला चॅनेल स्ट्रिप म्हणतात. आणि यांपैकी एखाद्याच खात्याचा कारभार काचेच्या व्हॉल्वकडे असला, तरी विक्रेते संपूर्ण पेटीच व्हॉल्वची म्हणून जाहीर करतात, येथून घोटाळ्यास प्रारंभ होतो.

सर्वांत रूढ समज असा, की व्हॉल्व आला की आवाजात ऊब आलीच, आणि जुन्या काळच्या ध्वनिमुद्रणांत जो गोडवा जाणवतो तो त्या काळच्या तंत्रज्ञांनी व्हॉल्वच्या साह्याने बुद्ध्या निर्माण केला होता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रक्षेपित होऊ लागले तेव्हा माइकपासून प्रक्षेपकापर्यंतचा सारा कारभार व्हॉल्वांच्याच हाती होता हे खरे. पण तो आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, कारण दुसरे साधनच उपलब्ध नव्हते. त्या काळचे अभियंते विकृती वाढवण्याच्या नव्हे, तर ती होता होईल तो कमी करण्याच्या खटपटीत असत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या ‘रेड ३७’ या मिश्रणमेजात जर्मन बनावटीचे ‘व्ही ७२ एस’ हे प्रवर्धक होते, तर पुढच्या ‘रेड ५१’ मध्ये ईएमआय कंपनीने स्वतःचे प्रवर्धक बसवले, ते विकृती घटावी आणि संकेताला वर अधिक मोकळी जागा मिळावी म्हणून. बीटल्सची बहुतेक गाणी ज्या मेजांवर मुद्रित झाली ती ही मेजे, त्यांच्या कर्त्यांच्या दृष्टीने, शक्य तितकी निर्मळ यंत्रे होती. उत्तम रचनेचा व्हॉल्व-प्रीअँप बेताच्या पातळीवर चालवला असता जवळजवळ पारदर्शक असतो. ज्याला आपण ऊब म्हणतो ती त्याला ढकलल्यावर, आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी बसलेल्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमुळे येते.

याला लागूनच असलेला दुसरा प्रवाद ‘सम’ आणि ‘विषम’ उपस्वरांचा: व्हॉल्व सम उपस्वर देतो म्हणून तो गोड, ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून तो कर्कश. संगीताशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला याची छाननी तंबोऱ्याच्या आधारे सहज करता येईल. मध्य षड्जाचा दुसरा उपस्वर म्हणजे तार षड्ज, तिसरा तार सप्तकातला पंचम, चौथा अतितार षड्ज आणि पाचवा त्याच्याही वरचा गंधार. तंबोरा नीट जुळला की आपोआप ऐकू येणारा जो स्वयंभू गंधार गायकांना प्रिय आहे, तो या हिशेबाने विषम उपस्वर ठरतो, आणि त्याला कर्कश म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. शिवाय सम की विषम याचा निकाल व्हॉल्व नव्हे तर मंडलाची रचना लावते. एकट्या ट्रायोडच्या टप्प्यात दुसरा उपस्वर वरचढ असतो. पण दोन व्हॉल्व एकमेकांविरुद्ध जोडून पुश-पुल पद्धतीने चालवले, की सम उपस्वर परस्परांना छेद देतात आणि मागे राहतात ते प्रामुख्याने विषमच.

पेटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या नारिंगी प्रकाशाविषयी फार लिहावे असे नाही. ‘ईसीसी ८३’ अथवा ‘१२ एएक्स ७’ या नावाने ओळखला जाणारा व्हॉल्व मनासारखा चालावा यासाठी त्याच्या ॲनोडला साधारण २५० ते ३०० व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, आणि तो देणारे मंडल स्वस्तात होत नाही. सबब स्वस्त पेट्यांत पुष्कळदा हाच व्हॉल्व अत्यल्प दाबावर अर्धपोटी ठेवलेला असतो, मुख्य प्रवर्धन एखादी चिप करते, आणि काही नगांत तर तो प्रकाशही व्हॉल्वचा नसून मागे लपवलेल्या एलईडीचा असतो. अशा पेटीने काम होत नाही असे नव्हे. परंतु किंमत कशाची मोजली याची खातरजमा असावी.

आता मांडणीचा विषय, आणि बहुतेक निराशेचे मूळ येथेच आहे. चॅनेल स्ट्रिपमधून बाहेर पडणारा संकेत लाइन पातळीचा असतो, आणि तो, संकेत संगणकात उतरवणाऱ्या इंटरफेसच्या, लाइन इनपुटलाच द्यावयाचा असतो. पण इंटरफेसच्या तोंडाशी एक्सएलआर आणि जॅक अशा दोन्ही पिना स्वीकारणारे एकच जोडछिद्र असते, हाताशी माइकची वायर असते, आणि ती एक्सएलआर बाजूने बसवली की संकेत पुन्हा एकदा दुसऱ्या, म्हणजे इंटरफेसच्या स्वतःच्या माइक-प्रीअँपमधून जातो. मग आवाज फाटतो, त्याचा दोष व्हॉल्वला दिला जातो. आणि इंटरफेसवरचे फँटम पॉवरचे, म्हणजे वायरीतूनच माइकला वीज पुरवणारे, ४८ व्होल्टचे बटण चुकून दाबलेले असले तर तो विद्युतदाब उलट दिशेने चॅनेल स्ट्रिपच्या निर्गमावर येऊन बसतो. जॅकच्या बाजूने जोडणी करावी, आणि ती वाद्यासाठी नसून लाइनसाठी लावलेली आहे हे बटण पाहून ठरवावे, एवढ्याने निम्म्या तक्रारी निकालात निघतात.

पातळी लावतानाही असाच एक समज आड येतो, की मीटरचा काटा तांबड्या पट्ट्याला जितका चिकटेल तितके ध्वनिमुद्रण भरदार. हा टेपच्या जमान्याचा वारसा आहे. तेव्हा टेपची खरखर झाकण्यासाठी पातळी चढी ठेवावी लागे. २४ बिटांच्या मुद्रणात तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो, त्यामुळे ती निकड उरलेली नाही. व्हीयू मीटरवरील शून्य म्हणजे +४ डीबीयू, अर्थात १.२३ व्होल्ट, ही पातळी संगणकात पूर्ण मर्यादेच्या सुमारे १८ ते २० डेसिबल खाली येईल अशी तजवीज करावी. व्हीयूचा काटा सुमारे ३०० मिलिसेकंदांनी हलतो, त्यामुळे तबल्याची चाट किंवा ‘प’काराचा फटका त्याला दिसतच नाही, मोकळी जागा राखावयाची ती यासाठी. गायकाला ‘हॅलो, हॅलो’ म्हणावयास लावून गेन ठरवणे निरर्थक होय. त्याला तार सप्तकातली तान घेण्यास सांगावे, आणि त्यावर गेन बेतावा. मुद्दाम रंग हवा असेल तर गेन वाढवून आउटपुटचा नॉब तितकाच उतरवावा, म्हणजे व्हॉल्व तापेल पण इंटरफेस कापला जाणार नाही. व्हॉल्व हळूहळू वाकतो. डिजिटल यंत्र मर्यादा ओलांडताच सपाट छाटते. ज्या पेटीला स्वतंत्र आउटपुट नॉबच नाही तिच्याकडून असा रंग मिळवणे कठीण असते.

फँटम पॉवरविषयी थोडक्यात: कंडेन्सर माइकला ती लागते, व्हॉल्वच्या माइकला लागत नाही, कारण त्याचा वीजपुरवठा त्याच्याबरोबर स्वतंत्र येतो, आणि जुन्या रिबन माइकला ती, विशेषतः वायर सदोष असताना, घातक ठरू शकते. प्रीअँपमध्ये व्हॉल्व आहे म्हणून ४८ व्होल्टचे बटण दाबावे लागते, असा समज ऐकू येतो. त्या दोहोंचा संबंध नाही.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत मात्र व्हॉल्वचे श्रेय तपासून घेण्याजोगे आहे. फेअरचाइल्ड ६७० या २० व्हॉल्वांच्या अवजड यंत्रात पातळी आवरण्याचे काम खरोखर व्हॉल्वच करतात. परंतु गायनासाठी सर्वाधिक अनुकरण झालेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-२ए मध्ये ते काम एक प्रकाशमान पट्टी आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक यांची जोडी करते, व्हॉल्व केवळ संकेत वाढवतात. पल्टेक इक्वलायझरचीही गत तशीच. तेथे स्वर घडवतात कॉइल आणि कपॅसिटर, आणि त्यांत झालेली घट भरून काढणे एवढेच व्हॉल्वचे काम. ख्यालगायनात कॉम्प्रेसरचा अंमल जरा जास्त झाला, की त्याचा पुरावा गायकाच्या आवाजात नव्हे, तर त्याच्या विश्रांतीत सापडतो: आलाप थांबताच पकड सुटते, आणि मागचा तंबोरा कोणी सरकवत पुढे आणल्यासारखा फुगत जातो, पुढचा स्वर लागताच पुन्हा दबतो. मुद्रणाच्या वेळी दिलेली ही दाबणी मागाहून निघत नाही. म्हणून दाबणी दाखवणारा काटा २–३ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि मंद्र ते तार यांतला उरलेला फरक गायकाला माइकपासून मागेपुढे होण्यास शिकवून भागवावा. जुने गवई हे न सांगता करीत.

घुंऽऽ असा आवाज आला की व्हॉल्व गेला, असेही समजतात. हा बहुधा ५० हर्ट्झचा गुंजारव असून त्याचे मूळ दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या वेढ्यात असते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेतली आणि बॅलन्स्ड वायर वापरली की तो बव्हंशी जातो. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो उपाय काही ठिकाणी सर्रास सांगितला जातो, तो आत ३०० व्होल्ट खेळत असलेल्या धातूच्या पेटीच्या बाबतीत प्राणघातक आहे. आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये हा दाब काही काळ टिकून राहत असल्याने, झाकण उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे. व्हॉल्व खरोखर थकला असेल तर तो चुरचुरतो, किंवा पेटीवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारताच ठणकन बोलतो.

असा नग बदलताना जुन्या नामांकित बनावटीच्या शोधात लोक भारी रकमा मोजतात. एके काळी बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व आपल्याकडच्या रेडिओंतून घरोघर होते, आणि जुन्या बाजारात ते अधूनमधून मिळतातही. परंतु एका बनावटीचा चांगला ईसीसी ८३ काढून दुसऱ्या बनावटीचा घातल्याने जो फरक पडतो, त्याहून कितीतरी ठळक फरक त्याच्या जागी ईसीसी ८२ बसवल्याने पडतो, कारण पहिल्याचा प्रवर्धनांक १०० असतो आणि दुसऱ्याचा २० च्या आतबाहेर. पिना जुळत असल्या तरी असा बदल त्या यंत्राला मानवतो की नाही, ते माहितीपुस्तिकेत पाहून मगच करावा.