हत्तीच्या कानातलं नाव

रात्रीचे साडेनऊ वाजले, की आमच्या घरी हत्तीची शोधाशोध सुरू होते. नात साडेतीन वर्षांची. तिच्याकडे बोलणारी बाहुली आहे, किल्ली दिली की पळणारी मोटार आहे. पण झोपताना हवा असतो तो राखाडी कापडाचा, एका अंगावर कललेला हत्तीच! परवा त्याचा कान निघाला. "आजी, त्याला दुखतंय. आत्ताच्या आत्ता शिव!" असा हुकूम सुटला. मी चष्मा लावून सुईदोरा घेऊन बसले. सून म्हणाली, "आई, राहू द्या हो, उद्या नवा आणू." पण नवा हत्ती आणला, तरी तो हा हत्ती थोडाच असणार!

कान शिवता शिवता मनात आलं, मुलांना हत्तीचं इतकं वेड का बरं? एवढा मोठा प्राणी, पण अंगावर धावून येईल असं चित्रातही वाटत नाही. सोंड म्हणजे जणू हातच. तिने तो खातो, अंघोळ करतो, पिलाला गोंजारतो. आणि हत्तींचं घर आपल्या घरासारखंच भरलेलं असतं. कळपाची कारभारीण असते सर्वांत वडीलधारी हत्तीण. बावीस महिने पोटात वाढवलेलं पिल्लू एकट्या आईच्या गळ्यात पडत नाही. मावश्या, मोठ्या बहिणी सगळ्या मिळून त्याला सांभाळतात.

पण मैत्रिणींनो, खेळण्यातला आणि गोष्टीतला हत्ती मुलांच्या हाती आला कसा, हे शोधू लागले, तर तिथेही बायकाच भेटल्या. एक शिवणकाम करणारी, दुसरी आजारी मुलाजवळ बसलेली. दोघींच्या कथा सांगण्याजोग्या आहेत.

टाचण्या खोचायची गादी

जर्मनीत गींगन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि पाय कायमचे गेले. उजवा हातही अधू झाला. तो पोलिओ होता. मुलीचं कसं होणार, या काळजीने आईवडील खचले. पण पोरगी हट्टी! आसपासची मुलं तिला हातगाडीत बसवून शाळेत नेत. पुढे शिवण शिकायचा तिने ध्यास घेतला. दुखऱ्या हाताने टाका नीट पडेना, तरी सोडलं नाही. झिथर हे तंतुवाद्य ती शिकवायची. त्या शिकवण्यांचे पैसे साठवून तिने शिवणाचं यंत्र घेतलं. यंत्राचं चाक उजव्या हाताला, आणि तिचा तोच हात कामाचा नाही! मग तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चाक फिरवू लागली. अडचणीवर असा सरळ तोडगा बाईमाणसालाच सुचावा!

१८७७ साली तिने फेल्टच्या कपड्यांचं दुकान घातलं. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. १८७९च्या डिसेंबरात 'मोडेनवेल्ट' या बायकांच्या फॅशनच्या मासिकात तिला कापडी हत्तीचा नमुना दिसला. हो, आपण वाचतो तसल्याच मासिकात! १८८० साली तिने फेल्टचे हत्ती बेतले, आत मेंढीची लोकर भरली आणि नातेवाईक-मैत्रिणींना भेट दिले. कशासाठी? तर सुया-टाचण्या खोचायला! पण घरोघरच्या पोरांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती पळवले.

तेव्हा दुकानात मिळणारी खेळणी बहुतेक लाकडाची, पत्र्याची, नाहीतर चिनी मातीची. पडली की फुटायची, कुशीत घेतली की टोचायची. हा हत्ती मऊ होता, कितीही आपटला तरी चालत होता. मार्गारेटेच्या भावाने पोतंभर हत्ती शेजारच्या हायडेनहाइमच्या बाजारात नेले, ते हातोहात खपले. १८८६ सालापर्यंत पाच हजारांवर हत्ती विकले गेले होते. मागोमाग माकडं, घोडे, उंट आले. १९०२ साली पुतण्या रिखार्ड याने हातपाय हलणारं अस्वल बेतलं आणि कारखाना जगभर पोहोचला. गावातल्या कितीतरी बायका घरबसल्या तिच्यासाठी शिवू लागल्या.

माल गाजला, की नकला येणारच. यावर फ्रान्त्स या दुसऱ्या पुतण्याने तोड काढली. १९०४पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण बसवायचं ठरलं. त्यावर आधी सोंडवाल्या हत्तीचं चित्र होतं, पुढे 'श्टाइफ' हे नाव आलं. १९०९ साली मार्गारेटे वारली. कानातलं बटण मात्र आजही असतं.

आजारी मुलाची गोष्ट

आता दुसरी बाई. १९३०चा उन्हाळा, फ्रान्समधलं एक घर. चार वर्षांच्या मात्यूचं पोट दुखत होतं. आई सेसील द ब्रुनॉफ ही पियानो वाजवणारी. तिने त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला, लोराँला, एक गोष्ट रचून सांगितली. हत्तीचं एक पिल्लू असतं. शिकारी त्याच्या आईला मारतो. पिल्लू पळत पळत शहरात येतं आणि तिथे कपडे घेऊन ऐटीत फिरतं.

मुलांना ती एवढी आवडली, की ती धावत बाबांकडे गेली. बाबा, ज्याँ द ब्रुनॉफ, चित्रकार. त्यांनी चित्रं काढली, गोष्ट वाढवली, पिल्लाचं नाव ठेवलं बाबार. १९३१ साली पुस्तक निघालं, आणि गंमत म्हणजे तेही 'ले जार्दें दे मोद' या बायकांच्या फॅशनच्या मासिकाच्या प्रकाशनाकडून! पुस्तकावर नवरा-बायको दोघांचं नाव घालायचं चाललं होतं. सेसीलने आपलं नाव काढायला लावलं. आपण फक्त गोष्ट सांगितली, बाकी सगळं नवऱ्याचं, असं तिचं म्हणणं.

१९३७ साली ज्याँ क्षयाने गेले, जेमतेम सदतिशीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लोराँने बाबार पुन्हा हाती घेतला आणि चाळीसहून अधिक पुस्तकं केली. तोही २०२४ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन गेला. नाव बापाचं राहिलं, लेकाचं राहिलं. गोष्ट ज्या माउलीच्या तोंडून निघाली, तिचं मुखपृष्ठावर नाही.

'डम्बो'चंही तसंच. मोठ्या कानांच्या त्या पिलाला आपण डिस्नेच्या १९४१च्या चित्रपटामुळे ओळखतो. मूळ गोष्ट हेलन अबरसन आणि हॅरल्ड पर्ल यांची, हे किती जणींना ठाऊक आहे?

एक सूचना करते. बाबारची आई मारली जाते, डम्बोच्या आईला कोंडून ठेवतात. लहान मूल इथे रडवेलं होतं. ते पान घाईने उलटू नका. मुलाला मांडीवर घ्या, हळू वाचा, त्याला प्रश्न विचारू द्या. फार घाबरलं, तर पुस्तक मिटा आणि वर्षाने पुन्हा काढा.

आणि आपला भोंडला? हस्त नक्षत्राचा हत्ती पाटावर काढून आपण फेर धरला, गाणी म्हटली, खिरापत ओळखली. ती गाणी रचली कुणी? सासुरवाशिणींनी. नावं कुणाचीच उरली नाहीत.

असा शिवा हत्ती

साहित्य : वीतभर लांबरुंद फेल्टचे दोन तुकडे, भरायला पॉलिस्टरचा धुता येणारा कापूस, जाड दोरा. फेल्टचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडाव्या लागत नाहीत.

१. कागदावर हत्तीची बाजूची आकृती काढा. पाय आखूड आणि जाड ठेवा, म्हणजे हत्ती उभा राहील. सोंड दोन बोटं रुंद हवी. अरुंद सोंडेत कापूस जात नाही.

२. या आकृतीचे दोन तुकडे कापा. पोटासाठी आकृतीचा फक्त खालचा भाग, म्हणजे पोट आणि पाय, आणखी दोनदा कापा. कान दोन, शेपटी एक.

३. पोटाचे दोन तुकडे वरच्या कडेने जोडा. मध्ये दोन बोटं जागा उघडी ठेवा.

४. पोटाचे पाय अंगाच्या पायांना जुळवून काजटाक्याने बाहेरूनच शिवा. मग पाठ, डोकं, सोंड शिवा.

५. आधी सोंड भरा, पेन्सिलीच्या बोथट टोकाने ढकलत. मग पाय, शेवटी पोट. गच्च भरा, सैल भरलेला हत्ती आठवड्यात बसका होतो. पोट शिवून टाका.

६. कान आणि शेपटी दुहेरी दोऱ्याने पक्की करा, कारण मुलं नेमकी तिथेच धरतात. डोळ्यांना बटणं किंवा मणी लावू नका, लहान मूल ते गिळतं. काळ्या दोऱ्याने भरून काढा.

आमच्या हत्तीचा कान शिवून झाला, तेव्हा नात झोपली होती. हा हत्ती सुनेच्या आईने शिवलेला. नातीच्या बारशाला तिने आणला आणि त्याच वर्षी ती गेली. म्हणूनच मी नवा आणू दिला नाही. सूनही मग काही बोलली नाही, जवळ येऊन बसली. कानाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, आम्ही दोघींनी मिळून विहीणबाईंचं नाव आणि साल लाल दोऱ्याने भरलं.

तुम्हीही हत्ती शिवाल, तेव्हा कानाच्या आत आपलं नाव भरा बरं का! नको-नको म्हणू नका. पुढे कधीतरी कुणीतरी तो कान पुन्हा शिवायला घेईल.