दक्षिणमेरूचा हिशेब

तंजावरभोवती डोंगर नाही. कावेरीने वाहून आणलेला गाळ, त्यावर नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं, मधूनमधून केळी आणि नारळ. अशा सपाट मुलखात राजराज चोळाने १०१० साली ग्रॅनाइटचा डोंगर पुरा केला. बृहदीश्वराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, तेरा तळांचं आहे. उंची ६० ते ६६ मीटर सांगतात. मोजणी जोत्यापासून धरली की जमिनीपासून, कळस मिळवला की वगळला, तसा आकडा हलतो. आपल्या दौलताबादचा चांदमिनार साधारण तेवढाच उंच, पण तो चार शतकांनी धाकटा आणि निमुळता मनोरा आहे. इथे विमानाची पायाशी एकेक बाजूच तीस मीटरच्या आसपास भरते.

हा दगड आला कुठून? ग्रॅनाइट मिळतो तो पन्नास-साठ किलोमीटरवर, तिरुचिरापल्ली-पुदुक्कोट्टैच्या बाजूला. देवळाला सगळा मिळून १,३०,००० टन दगड लागला असावा, असा अंदाज सर्रास दिला जातो, आणि बांधकामाचा काळ १००३ ते १०१० धरतात. आता कागद-पेन्सिल घ्या. सात वर्षांचे दिवस २,५५५. म्हणजे रोज पन्नास टन दगड यायला हवा, पाऊस न पाहता, सणवार न पाहता. एका बैलगाडीत टनभर माल धरला तर रोज पन्नास गाड्या. लादलेली गाडी दिवसाला वीस किलोमीटर कापते असं समजलं, तर जायला तीन दिवस, यायला तीन. म्हणजे सात वर्षं, कोणत्याही दिवशी पाहा, तीनशे गाड्या आणि सहाशे बैल वाटेवर आहेत. त्या बैलांचा चारा, मोडलेले आस, गाडीवानांचं जेवण, नदीचे उतार हे सगळं त्या आकड्याच्या पोटात येतं. मोठ्या शिळा तर गाडीत मावतही नाहीत. त्यांचं गणित आणखी वेगळं.

माथ्यावरचा घुमट ऐंशी टनांचा एकसंध दगड आहे आणि सहा किलोमीटरचा उतार बांधून तो वर चढवला, असं गाइड सांगतात. अभ्यासकांच्या मते तो अनेक तुकडे जोडून रचला आहे. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हीही ऐकीव गोष्ट. या देवळाला अशा आख्यायिकांची गरज नाही. आतल्या पहिल्या मजल्यावर, सहसा बंद असलेल्या एका चिंचोळ्या वाटेत, नाट्यशास्त्रातली १०८ करणं, म्हणजे नृत्यातल्या हालचाली, कोरायला घेतली होती. ८१ झाली. उरलेल्या २७ शिळा जागेवर बसवलेल्या आहेत, पण त्यांना छिन्नी लागलेली नाही. एवढा अवाढव्य पसारा उभा करणाऱ्यांचं काम नेमकं कोणत्या आकड्यावर थांबलं, ते तिथे डोळ्यांनी मोजता येतं.

मला उंचीपेक्षाही थक्क करतो तो भिंतींवरचा हिशेब. जोत्याच्या दगडावर ओळींमागून ओळी तमिळ लेख आहेत, आणि त्यांत देवळाच्या मालकीचं जवळजवळ सगळं मोजून लिहिलेलं आहे. राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी, राजराजाने शिखरासाठी तांब्याचा कलश दिला. त्याचं वजन ३,०८३ पलम, आणि त्यावर मढवलेलं सोनं २,९२६ कळंजू आणि वर अर्धा. कळंजू साधारण पाच ग्रॅमचा धरला तर हे सोनं साडेचौदा किलोच्या घरात जातं. एवढ्या सोन्यात अर्ध्या कळंजूची, म्हणजे अडीच ग्रॅमची नोंद कोणी सोडली नाही. सोनं कोणत्या वजनाने तोललं आणि रत्नं कोणत्या, हेसुद्धा लिहिलंय; ती वजनं देवाच्या नावांनी ओळखली जात.

एक नंदादीप अखंड तेवायचा तर त्यामागे ९६ मेंढ्या लागत. मेंढपाळाने त्या सांभाळायच्या आणि रोज ठरलेलं मापभर तूप देवळात पोचवायचं. मेंढी मेली तर कळपात नवी भरायची, आकडा कायम ठेवायचा. चोळांच्या लेखांत अशा मेंढ्यांना न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या म्हटलेलं आहे. दहा दिवे म्हणजे ९६० मेंढ्या, आणि त्या चारणारे हात वेगळे.

आणि मग त्या चारशे नर्तकी. चोळ राज्यातल्या निरनिराळ्या देवळांतून त्या तंजावरला आणल्या. प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या रांगेत तिचं घर कितवं, हे दगडात आहे. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम भात; कलम हे धान्याचं माप. म्हणजे नुसत्या नर्तकींसाठी दरवर्षी ४०,००० कलम. पुढे वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी यांचे वाटे आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा घरनंबर आज वाचता येतो, हे मला त्या तेरा तळांहून मोठं वाटतं.

 

मराठी माणसाने या देवळात आणखी एका भिंतीपाशी जावं. व्यंकोजीराजे भोसले १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. ती गादी १८५५ पर्यंत टिकली. रायगडावरच्या राज्याभिषेकापासून पेशवाई बुडेपर्यंत १४४ वर्षं होतात, तंजावरची १७९. शेवटची पन्नासेक वर्षं सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरतीच उरली होती, हे खरं. पण त्याच काळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली देवळाच्या ओवरीच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरवून घेतला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. मालोजी, शहाजी, शिवाजी ही नावं चोळांच्या दगडावर देवनागरीत वाचताना आपलं घर किती दूरवर पसरलं होतं ते कळतं. पुढे नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी समुद्रकाठी मनोरा नावाची आठ मजली षट्कोनी वास्तूही बांधली.

सरफोजींचा खरा डोंगर मात्र सरस्वती महालात आहे. नायक राजांच्या काळापासूनचं हे ग्रंथालय त्यांनी वाढवलं. १८२०च्या सुमारास सुमारे तीन हजार माणसं बरोबर घेऊन ते काशीयात्रेला गेले, तेव्हाही हस्तलिखितं गोळा करत राहिले. आज तिथे संस्कृत हस्तलिखितं ३९,३०० आहेत. रोज एक वाचलं तर १०७ वर्षं उलटून जातील. मराठी ३,०७६, आठवड्याला एक वाचायचं म्हटलं तर ५९ वर्षं.

आणि त्याखेरीज मोडीतले राजदफ्तराचे १,३४२ गठ्ठे. चोळांनी हिशेब दगडावर ठेवला, भोसल्यांनी कागदावर. त्यातल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापला आहे. मूळ भाषा मात्र आपली आहे आणि लिपीही. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, नेटाने बसलं तर काही महिन्यांत अक्षर ओळखीचं होतं. अशा शंभर जणांनी वर्षाला एकेक गठ्ठा हाती घेतला, तर साडेतेरा वर्षांत सगळे वाचून होतील.