उस्मानियाकडून औरंगाबादकडे

निजामाने १९१८मध्ये हैदराबादेत काढलेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला खास भाषांतर विभाग होता. प्रयोग धाडसी खरा. पण राज्यातले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी नि कन्नड बोलणारे! १९३८मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं; त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं.

सप्टेंबर १९४८मध्ये निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढे उर्दूची जागा इंग्रजीने घेतली.

संस्थानाच्या मराठी भागातली, म्हणजे मराठवाड्यातली कॉलेजं मात्र उस्मानियालाच जोडलेली राहिली. १९५०मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेलं, पुढे ‘मिलिंद’ म्हणून गाजलेलं कॉलेजही त्यांतलंच. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि परीक्षा घेणारं विद्यापीठ परराज्यात राहिलं. अखेर २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी.