नांदेडहून देवगिरी: तासलेल्या डोंगराची चढण

देवगिरी हा माळावर एकटाच उभा असलेला, शंकूच्या आकाराचा, सुमारे २०० मीटर उंच डोंगर आहे. त्याचा पायथा माणसांनी छिन्नी-हातोड्याने चहूबाजूंनी तासला. त्यामुळे खालच्या भागात जवळपास ५० मीटर उंचीचा सरळसोट कडा तयार झाला आणि कड्याच्या तळाशी खडकातच खोल खंदक उतरला. जगात डोंगरावर बांधलेले किल्ले पुष्कळ आहेत, पण डोंगरालाच घडवून त्याचा किल्ला केल्याचे इतके भव्य उदाहरण विरळच. यादवांची ही राजधानी पुढे दौलताबाद झाली. नांदेड-लातूर पट्ट्यातल्या माणसाला रेल्वेने जाऊन, जाणकाराच्या सोबतीने पाहता येतील असे प्राचीन डोंगरी अवशेष म्हटले, की पहिले नाव याच ठिकाणाचे येते.

अशा सहलींचे जगप्रसिद्ध उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आहे. इंका साम्राज्याची राजधानी कुस्को आणि जवळच्या ओयांतायतांबो गावातून अरुंद रुळांची गाडी उरुबांबा नदीच्या काठाकाठाने माचू पिच्चूच्या पायथ्याशी जाते. पायथ्याच्या गावाला बाहेरून मोटाररस्ताच नाही, त्यामुळे बहुतेक प्रवासी रेल्वेनेच येतात. तिथून बस नागमोडी रस्त्याने वर चढते आणि ठरवून दिलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळेत अवशेष पाहायचे असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवरचे हे नगर पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाच्या काळात उभे राहिले. हायरम बिंगहॅम या अमेरिकी अभ्यासकाने १९११ मध्ये ते जगापुढे आणले. त्याच वर्षी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला पोहोचली होती.

मराठवाड्यातला मुख्य लोहमार्ग त्याहून थोडा जुना. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचे नाव. पुढे ती ब्रॉडगेज झाली आणि २००३ मध्ये नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय बनले. नांदेडहून पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना अशी स्टेशने घेत गाडी सुमारे २३५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला चार-साडेचार तासांत पोहोचते. पहाटेची मराठवाडा एक्सप्रेस सहलीला सोयीची. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असलेले पक्षकार, वकील आणि विद्यार्थी यांनी ती भरलेली असते, म्हणून बसायला जागा हवी तर आरक्षण केलेले बरे. मुंबईला जाणाऱ्या एका गाडीला तर देवगिरी एक्सप्रेस हेच नाव आहे, मात्र नांदेडकडून ती संभाजीनगरला रात्री पोहोचते. लातूरकरांनी लातूर रोडहून परळी-परभणीमार्गे यावे. अंतर आणि गाड्यांची जुळणी पाहता त्यांनी मुक्काम धरूनच निघावे.

संभाजीनगरच्या पुढे मनमाडच्या दिशेने दौलताबाद नावाचे छोटे स्टेशन आहे आणि गाडीच्या खिडकीतून उत्तरेला डोंगर ओळखू येतो. पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. त्यापेक्षा संभाजीनगरला उतरून वेरूळ रस्त्याने बसने किंवा रिक्षाने सुमारे १५ किलोमीटर जाणे सोपे. परवानाधारक मार्गदर्शक शहरातून आधी ठरवून नेता येतो. चारपाच जणांत त्याचा खर्च सहज वाटून जातो आणि तो खर्च करावाच. हा किल्ला शत्रूला चकवण्यासाठी रचलेला आहे आणि ती रचना कोणी उलगडून दाखवली नाही तर पाहणारा दगड आणि पायऱ्या मोजत परत येतो.

राजधानी म्हणून देवगिरीची स्थापना बाराव्या शतकाच्या अखेरीस, पाचवा भिल्लम या यादव राजाने ११८७ च्या सुमारास केली. सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात मराठी मुलुखाचे राजकारण, व्यापार आणि विद्या इथे एकवटली. हेमाद्री पंडित, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याच दरबारातला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामचंद्र यादवाचा उल्लेख येतो, तो याच गादीवरचा राजा.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक देवगिरीवर आला. तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामचंद्राने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. गडावर घाईने चढवलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असे जुन्या तवारिखेत सांगितले आहे. ती हकिकत पुढे रंगवलेली असू शकते, पण वेढ्यापुढे नमते घ्यावे लागले हे खरे. सोने, मोती, रत्ने यांची प्रचंड खंडणी घेऊन अलाउद्दीन परतला आणि त्याच संपत्तीच्या बळावर त्याच वर्षी दिल्लीच्या गादीवर बसला. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी पेरूत हाच प्रसंग वेगळ्या शेवटाने घडला. इंका राजा अताहुआल्पाने खोली भरेल इतके सोने स्पॅनिशांना दिले, तरी १५३३ मध्ये त्यांनी त्याला ठार केले. रामचंद्राची गादी मांडलिक म्हणून राहिली. यादवांचे राज्य संपले ते १३१८ मध्ये, त्यांचा शेवटचा राजा हरपाळदेव याच्या क्रूर वधानंतर.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली, दौलताबाद हे नाव रूढ केले आणि काही वर्षांतच बेत फिरवला. त्यानंतर बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले. मराठी माणसाला दोन तारखा ठाऊक असायला हव्यात. १६२९ मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात इथेच दगा करून हत्या झाली. सिंदखेडचे हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज सांगत, म्हणजे पूर्वजांच्याच राजधानीत त्यांचा घात झाला. दुसरी तारीख लातूर जिल्ह्याशी जोडलेली आहे. १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला.

किल्ला पाहायचा तो बाहेरून आत, शत्रूच्या वाटेने. सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि मग डोंगराला भिडलेला काळाकोट. वेरूळचा रस्ता जुन्या तटाच्या वेशीतूनच जातो. महाकोटाच्या दरवाजांवर अणकुचीदार खिळे आहेत. दरवाजे एकासमोर एक नाहीत, वळणावर आहेत, म्हणजे हत्तीला धडक देण्यासाठी धावायला जागाच मिळत नाही. आत गेल्यावर हत्ती हौद लागतो. हौद हत्तीसारखा प्रचंड म्हणून हे नाव पडले. त्याच्याजवळ भारतमाता मंदिर. देवळांचे खांब वापरून १३१८ च्या सुमारास इथे मशीद उभारली गेली. हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर त्या वास्तूत भारतमातेची मूर्ती बसली. एका इमारतीत सहाशे वर्षांच्या उलथापालथी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून तिथे घाई करू नये. समोरचा चांदमिनार पंधराव्या शतकाच्या मध्याचा, बहमनी काळातला, साठ मीटरांहून उंच.

काळाकोटात चिनी महाल आहे. निळ्या चकाकत्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवले. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके ओतलेले आहे आणि ती खुंट्यावर फिरवता येत असे.

इथून पुढे वाट खंदकावर येते. खंदक ओलांडायला एकच अरुंद पूल आहे. पूर्वी तो काढून घेतला, की डोंगर जगापासून तुटे. चौदाव्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने चामड्याच्या शिडीने वर चढावे लागते आणि रात्री ती शिडी वर ओढून घेतात, असे नोंदवले आहे.

पुलापलीकडे अंधारी सुरू होते. हा खडकात खोदलेला, वळत वळत वर चढणारा बोगदा. पायऱ्या मुद्दाम कमी-अधिक उंचीच्या, म्हणून पायाचा अंदाज चुकतो. वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो आणि पंखांची फडफड डोक्यावरून जाते. वाटाड्या दिवा विझवतो तेव्हा स्वतःचा हातही दिसत नाही. नेमके इथेच तो समजावून सांगतो: एका ठिकाणी वाटेला फाटा फुटतो, उजेडाच्या ओढीने जाणारा माणूस थेट खंदकाच्या तोंडाशी येतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवले, की आतला धूर आणि उष्णता कोणालाच वर येऊ देत नसे. सेना कितीही मोठी असली तरी इथे एका वेळी एकच माणूस लढू शकतो.

अंधारीतून बाहेर आल्यावर चढण उघड्यावर आहे. वाटेत गणपतीचे देऊळ, नंतर मोगल काळातली बारादरी. शिखराजवळ एक गुहा जनार्दनस्वामींच्या नावाने ओळखली जाते. जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते आणि पैठणहून बालवयात आलेले एकनाथ त्यांच्या सेवेत इथे राहिले. गडाच्या दफ्तराचा हिशेब आणि गुरूची शिकवण नाथांना एकाच ठिकाणी मिळाली. सर्वांत वर तोफेचा बुरूज आहे. तिथून वेरूळ-खुलताबादचे डोंगर आणि खाली तिन्ही तटांची वळणे एकदम दिसतात. खाली पाहत आलेले दरवाजे आणि खंदक कोणत्या हिशेबाने रचले, हे वरूनच नीट कळते.

इतका भक्कम किल्ला हातचा गेला तो भुकेने आणि फितुरीने. १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घातला तेव्हाही गडावरचा दाणागोटा संपला आणि किल्ला मोगलांच्या हवाली झाला. माचू पिच्चूच्या उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या करून इंकांनी शेती केली होती. देवगिरीच्या तासलेल्या कड्यावर तशी जागाच नव्हती. पाण्यासाठी टाकी, हौद आणि खापरी नळ यांची व्यवस्था उत्तम होती, धान्य मात्र खालूनच यायचे.

मुक्काम असेल तर दुसरा दिवस वेरूळला द्यावा, ते किल्ल्यापासून जवळ आहे. आठव्या शतकात पहिला कृष्ण या राष्ट्रकूट राजाने कैलास लेणे वरून खाली खोदवले, आणि राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरचे, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजच्या लातूरचे, अधिपती म्हणवत. नांदेड जिल्ह्यातले कंधारही त्यांचेच नगर. वेरूळची लेणी आणि माचू पिच्चू या दोहोंना जागतिक वारशाचा दर्जा १९८३ मध्येच मिळाला. लेणी मंगळवारी बंद असतात.

गड चढायला पावसाळ्याचा शेवट ते माघ हा काळ चांगला. वैशाखात खडक तापतो आणि सकाळी नऊनंतरच चढण नकोशी होते. वर जाऊन खाली यायला, मध्ये थांबत थांबत, तीन-साडेतीन तास धरावेत. पाणी, टॉर्च आणि पकड असलेली पादत्राणे सोबत असावीत. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि अंधाराची भीती वाटणाऱ्यांनी चिनी महालापर्यंत जाऊन थांबावे, खालचे तिन्ही कोटही अर्ध्या दिवसाचे आहेत. परतीच्या गाड्यांची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी. संध्याकाळच्या गाडीने संभाजीनगरहून निघालेला प्रवासी रात्री नांदेडला घरी पोहोचतो.